अंतराळयानांचे संगणक, त्यांचे बिघाड आणि ऑपरेटिंग सिस्टीमचे अभिमानी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात आकाशदर्शनाच्या निमित्ताने जमणाऱ्या मंडळींसमोर यानांच्या संगणकांविषयी मी काही वर्षे बोलत आलो आहे. कार्यक्रम संपल्यावर जिन्यात गाठून, चिठ्ठीवर लिहून किंवा रात्री उशिरा मोबाइलवर निरोप धाडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते येथे एकत्र केले आहेत. माझी सगळी नोकरी भोसरी-चाकण पट्ट्यात वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये झाली. यान मी कधी बनवलेले नाही, त्यामुळे काही उदाहरणे इंजिनाच्या आणि वायरिंगच्या बाजूने येतील, ती चालवून घ्यावीत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात येऊन गेला असेल, तर तो पुन्हा न लिहिता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. यानातला संगणक माझ्या लॅपटॉपपेक्षा कितीतरी शक्तिशाली असणार ना?

नाही, तो बहुधा आपल्या जुन्या फोनपेक्षाही मंद असतो. मंगळावरच्या क्युरिऑसिटी आणि पर्सिव्हिरन्स या गाड्यांमध्ये रॅड ७५० नावाचा प्रोसेसर आहे आणि त्याचा वेग फार तर २०० मेगाहर्ट्झ आहे. जेम्स वेब दुर्बिणीत त्याच जातीचा प्रोसेसर ११८ मेगाहर्ट्झवर चालतो. इस्रोच्या प्रक्षेपकांमध्ये २००९ पासून वापरला जाणारा विक्रम १६०१ हा प्रोसेसर १६ बिटचा आहे आणि त्याचा ३२ बिटचा वारस, विक्रम ३२०१, मार्च २०२५ मध्ये इस्रोच्या हाती आला. अपोलोच्या संगणकात तर बदलता येणारी मेमरी अवघी २,०४८ शब्दांची, म्हणजे सुमारे चार किलोबाइट होती. ‘शुभ सकाळ’चे फुलांचे एक चित्रसुद्धा तीत मावले नसते. या मंदपणाचे कारण असे की अवकाशातील प्रारणाला, म्हणजे रेडिएशनला, तोंड देणारा प्रोसेसर वेगळ्या पद्धतीने घडवावा लागतो आणि वर्षानुवर्षे तपासावा लागतो, आणि ती तपासणी संपेपर्यंत बाजारात चार-पाच पिढ्या पुढे गेलेल्या असतात.

२. यानावर विंडोज असते की लिनक्स?

बहुतेक वेळा दोन्ही नसतात. पाथफाइंडरपासून पर्सिव्हिरन्सपर्यंत मंगळावर उतरलेली नासाची याने व्हीएक्सवर्क्स या विकत मिळणाऱ्या रिअल-टाइम प्रणालीवर चालली आहेत. युरोपच्या अनेक मोहिमांत आरटीईएमएस ही मुक्त प्रणाली दिसते. व्हॉयेजरसारख्या जुन्या यानांत तर आजच्या अर्थाने जिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणावे अशी काही वस्तूच नाही, प्रोग्रॅम थेट यंत्रावर बसवलेला आहे. अलीकडे लिनक्सनेही या क्षेत्रात पाय रोवले असून स्पेसएक्सची फाल्कन ९ आणि ड्रॅगन ही त्याची ठळक उदाहरणे आहेत. विंडोज आढळते ते अंतराळवीरांच्या लॅपटॉपवर, आणि तो किस्सा प्रश्न ११ मध्ये आहे.

३. ‘रिअल-टाइम’ म्हणजे वेगवान, असेच ना?

नाही. रिअल-टाइम म्हणजे वेळेचे वचन पाळणारी प्रणाली. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर एक फेरा १० मिलिसेकंदांत संपतो आणि ठिणगी त्या फेऱ्यातल्या ठरल्या कोनातच पडावी लागते. ती सरासरीने वेळेवर पडते आणि हजारातून एकदा चुकते, असे म्हणून चालत नाही. घरच्या संगणकाची प्रणाली सर्व प्रोग्रॅमना बरा न्याय मिळावा आणि एकूण काम भरपूर व्हावे म्हणून रचलेली असते. रिअल-टाइम प्रणाली मात्र सर्वांत वाईट प्रसंगी किती उशीर होईल, हे आधी विचारते. लिनक्सच्या अभिमान्यांसाठी एवढे नमूद करतो की रिअल-टाइमसाठीचे जे बदल लिनक्सच्या बाहेर जवळजवळ दोन दशके वाढत होते, ते २०२४ मध्ये मूळ गाभ्यात दाखल झाले.

४. यानाचा संगणक ‘बिघडला’ असे म्हणतात तेव्हा नेमके काय झालेले असते?

या एका शब्दाखाली पाच-सहा वेगळी दुखणी दडलेली असतात, आणि वर्तमानपत्रे त्यांची सरमिसळ करतात. एक दुखणे प्रारणाचे असते: वेगाने आलेला कण मेमरीतून जातो आणि एखाद्या शून्याचा एक करून टाकतो. २०१० मध्ये व्हॉयेजर २ अचानक न समजणारी माहिती पाठवू लागले, तेव्हा अखेर उलटलेला एकच बिट सापडला आणि तो परत जागेवर आणल्यावर यान सुधारले. दुसरे दुखणे झिजेचे, म्हणजे मेमरीची चिप खरोखरच मरते (प्रश्न १४). तिसरे सॉफ्टवेअरच्या रचनेतले (प्रश्न ६ आणि ८). चौथे जमिनीवरून गेलेल्या चुकीच्या आज्ञेचे. १९८८ मध्ये सोव्हिएत फोबोस १ हे यान आज्ञेतले एक चिन्ह गळल्याने आपली दिशा सांभाळणारी यंत्रणाच बंद करून बसले, सूर्याकडे पाठ फिरून त्याच्या बॅटऱ्या संपल्या आणि ते कायमचे हरवले. पाचवे वीजपुरवठ्याचे, आणि माझ्या अनुभवात हेच सर्वांत शेवटी तपासले जाते.

५. ‘सेफ मोड’ म्हणजे यान बंद पडणे का?

उलट, यान शुद्धीवर असल्याची ती खूण आहे. काहीतरी समजेनासे झाले की यान प्रयोग थांबवते, सौरपट असतील तर ते सूर्याकडे वळवते, अँटेना पृथ्वीकडे करते आणि पुढच्या आज्ञेची वाट पाहते. न्यू होरायझन्स हे यान प्लूटोजवळून जाण्याच्या अवघे दहा दिवस आधी, ४ जुलै २०१५ रोजी, संगणकावर एकाच वेळी दोन जड कामे आल्याने या अवस्थेत गेले. तीन दिवसांत ते पूर्ववत झाले आणि १४ जुलैचा कार्यक्रम ठरल्याप्रमाणे पार पडला.

६. पाथफाइंडर मंगळावर सारखे रीसेट का होत होते? ‘प्रायॉरिटी इन्व्हर्जन’ सोप्या भाषेत सांगाल का?

पाथफाइंडर ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरले आणि काही दिवसांतच त्याचा संगणक आपोआप रीसेट होऊ लागला. त्याच्यावर अनेक कामे आलटून पालटून चालत. यानातील माहितीच्या सामाईक वाहिनीचे काम वरच्या प्राधान्याचे होते, हवामानाच्या नोंदी घेणारे काम खालच्या प्राधान्याचे, आणि दळणवळणासारखी कामे या दोहोंच्या मध्ये होती. वरचे व खालचे अशी दोन्ही कामे एकच साधन वापरत, आणि ते एका वेळी एकालाच मिळावे म्हणून त्याला कुलूप होते.

एखाद्या दवाखान्याची कल्पना करावी. औषधांच्या कपाटाची किल्ली कंपाउंडरकडे आहे आणि डॉक्टरांना आत्ता, या क्षणी कपाट उघडायचे आहे. कंपाउंडर किल्ली घेऊन निघतो, पण वाटेत औषध कंपन्यांचे प्रतिनिधी उभे आहेत. त्यांचा मान कंपाउंडरपेक्षा मोठा असल्याने तो प्रत्येकासमोर थांबतो. परिणाम असा की डॉक्टर, ज्यांच्यापुढे त्या प्रतिनिधींना मुळीच जाता आले नसते, त्यांच्यासाठीच ताटकळत बसतात. पाथफाइंडरवर हवामानाचे काम कुलूप धरून असताना मधल्या प्राधान्याचे लांबलचक काम मध्येच घुसे, खालच्याला हलता येत नसे आणि वरचा वाट पाहत राही. वाहिनीचे काम ठरल्या वेळेत झालेले नाही, हे पुढच्या तपासणीत लक्षात येई आणि काहीतरी गंभीर घडले असे समजून संगणक रीसेट केला जाई. गोळा झालेली माहिती जात नसे, मात्र त्या दिवसाचे उरलेले काम दुसऱ्या दिवसावर ढकलले जाई.

कॅलिफोर्नियात पॅसाडिना येथे, नासाच्या प्रयोगशाळेत, यानाची जुळी प्रत होती. तिच्यावर प्रत्येक घडामोडीची नोंद चालू ठेवून अभियंत्यांनी तोच रीसेट पुन्हा घडवून आणला आणि उपाय एका सेटिंगवर येऊन थांबला: ज्याच्याकडे किल्ली आहे तो, किल्ली परत करेपर्यंत, वाट पाहणाऱ्या सर्वांत मोठ्याच्या मानाने चालेल. कंपाउंडरच्या पाठीमागे डॉक्टर स्वतः चालत असल्यासारखे ते झाले. हा बदल मंगळावर पाठवला गेला आणि रीसेट थांबले.

७. म्हणजे दोष व्हीएक्सवर्क्सचाच होता ना?

हा प्रश्न जवळजवळ नेहमी लिनक्सवाल्यांकडून येतो. ज्या सेटिंगने दुखणे बरे झाले, ती त्या प्रणालीत आधीपासूनच होती. ती आपोआप चालू नव्हती, कारण तिच्यामुळे थोडा वेळ जास्त लागतो. ते कुलूप अभियंत्यांनी स्वतः लिहिलेल्या कोडमध्ये नसून प्रणालीच्या एका तयार सोयीच्या पोटात होते, त्यामुळे ते कोणाच्या डोळ्यांपुढे आले नाही. शिवाय असा रीसेट उड्डाणापूर्वीच्या चाचण्यांमध्येही क्वचित दिसला होता. तो पुन्हा घडवता न आल्याने, आणि तेव्हा सर्वांचे लक्ष उतरण्याच्या सॉफ्टवेअरकडे असल्याने, मागे पडला. कामांना प्राधान्यक्रम देणारी कोणतीही प्रणाली असती, तरी ही चूक करायला वाव होताच. माझ्या मते विक्रेत्याला दोष द्यायचा झालाच, तर तो एवढाच की धोक्याची बाजू आपोआप चालू आणि सुरक्षित बाजू हाताने चालू करायची, असा उलटा क्रम त्याने ठेवला.

८. स्पिरिट गाडी उतरल्यावर अठरा दिवसांतच गप्प का झाली? व्हायरस होता का?

व्हायरस नव्हता, फायली जास्त झाल्या होत्या. जानेवारी २००४ च्या सुरुवातीला उतरलेल्या स्पिरिटचा संपर्क २१ जानेवारीला विस्कटला. तिच्यात वीज गेली तरी टिकणारी २५६ मेगाबाइट फ्लॅश मेमरी आणि १२८ मेगाबाइट साधी मेमरी होती, आणि फ्लॅशवरच्या फायलींची यादी डॉस या विंडोजपूर्वीच्या जुन्या प्रणालीच्या धाटणीने ठेवली जाई. सात महिन्यांच्या प्रवासात साचलेल्या आणि मंगळावर रोज भर पडणाऱ्या फायलींमुळे ती यादी फुगत गेली, कारण फाइल पुसली तरी यादीतली तिची जागा रिकामी राहून यादीचा आकार कमी होत नव्हता. यादी साध्या मेमरीत उघडावी लागे, आणि एके दिवशी तिला जागा पुरली नाही. संगणक रीसेट झाला, उठल्याबरोबर त्याने प्रथम तीच यादी उघडली, जागा पुरली नाही, आणि तो पुन्हा रीसेट झाला. असे ६० हून अधिक वेळा घडले. त्यातली खरी भीती अशी की या गोंधळात गाडी रात्री झोपत नव्हती आणि बॅटरी रिकामी होत चालली होती.

गाडी वाचली ती एका जुन्या सोयीने. फ्लॅशकडे न पाहता, नुसत्या साध्या मेमरीवर उठण्याची एक आज्ञा रचनाकारांनी आधीच ठेवली होती. ती पोहोचल्यावर स्पिरिट शांतपणे उठली, फायली साफ झाल्या, नंतर फ्लॅश पूर्ण पुसून नव्याने मांडली गेली, आणि ९० दिवसांसाठी गेलेली ही गाडी मार्च २०१० पर्यंत बोलत राहिली. येथेही प्रणाली व्हीएक्सवर्क्स होती आणि येथेही ‘बघा, डॉस!’ असे म्हणून हसणारे भेटतात. परंतु जिना, माळा आणि कपाटे भरून झाल्यावर घर लहान पडले, तर वास्तुविशारदाला किती बोलावे, हेही पाहायला हवे.

९. अपोलो ११ उतरताना संगणक कोलमडला होता आणि आर्मस्ट्राँगने हाताने यान उतरवले, हे खरे आहे का?

यातला अर्धाच भाग खरा आहे. २० जुलै १९६९ रोजी उतरताना १२०२ आणि १२०१ हे इशारे आले, आणि त्यांचा अर्थ ‘कामे वाटून द्यायला माझ्याकडे जागा उरलेली नाही’ असा होता. कारण असे की परतताना मुख्य यानाशी भेटीसाठी वापरायच्या रडारचे संकेत विजेच्या जुळणीतील दोषामुळे संगणकाचा सुमारे १५ टक्के वेळ विनाकारण खात होते. संगणकाने प्रत्येक इशाऱ्याबरोबर स्वतःला पुन्हा सुरू केले, कमी महत्त्वाची कामे टाकून दिली आणि मार्गदर्शन व इंजिन सांभाळण्याची कामे जिथे होती तिथून पुढे चालू ठेवली. आर्मस्ट्राँग यांनी शेवटच्या टप्प्यात सूत्रे हातात घेतली ती खडकाळ जागा टाळण्यासाठी, आणि तेव्हाही त्यांच्या हातातल्या दांड्याची हालचाल संगणकामार्फतच इंजिनापर्यंत जात होती. मार्गारेट हॅमिल्टन यांच्या नेतृत्वाखाली लिहिलेल्या या सॉफ्टवेअरला कोलमडणे म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

१०. एकाच्या जोडीला दुसरा संगणक ठेवला की प्रश्न मिटला ना?

दुसरा संगणक झिजेपासून आणि प्रारणापासून वाचवतो, एकसारख्या चुकीपासून वाचवत नाही. युरोपचा एरियन ५ हा प्रक्षेपक ४ जून १९९६ रोजी पहिल्याच उड्डाणात, मुख्य इंजिन पेटल्यानंतर सुमारे ३७ सेकंदांनी दिशा सोडून गेला आणि नष्ट झाला. ६४ बिटमध्ये मोजलेला आडव्या वेगाशी संबंधित आकडा १६ बिटच्या खणात कोंबताना मावला नाही. दिशा सांगणारी दोन उपकरणे होती, पण दोन्हींत तेच सॉफ्टवेअर असल्याने राखीव उपकरण आधी आणि मुख्य उपकरण लगेचच, त्याच कारणाने बंद पडले. कोड एरियन ४ वरून जसाच्या तसा घेतलेला होता आणि त्याच्या मार्गावर तो आकडा कधीच एवढा वाढत नसे; वर कहर म्हणजे ज्या गणितात ही गफलत झाली, त्याचा उड्डाणानंतर काही उपयोगच नव्हता. भाषा होती अडा, जिच्या सुरक्षिततेची तिचे भक्त आजही शपथ घेतात. भाषेने आपले काम केलेही होते, आकडा मावत नाही हे तिने पकडले. पकडल्यावर उपकरणच बंद करायचे, हे माणसांनी ठरवले होते.

अमेरिकेच्या स्पेस शटलने यावर उपाय म्हणून चार संगणकांवर एक सॉफ्टवेअर आणि पाचव्यावर दुसऱ्या गटाने स्वतंत्रपणे लिहिलेले सॉफ्टवेअर ठेवले. १० एप्रिल १९८१ रोजी पहिल्या उड्डाणाच्या ऐन वेळी पाचव्याचे घड्याळ चौघांशी जुळेना आणि उड्डाण रद्द झाले. दोन दिवसांनी ते पार पडले. म्हणजे राखणदार ठेवला, तर त्याच्याशी जुळवून घेण्याचे कामही वाढते.

११. अंतराळ स्थानकाने विंडोज काढून लिनक्स घेतले, मग वाद संपला की नाही?

ही बातमी २०१३ ची आहे आणि ती बहुतेक वेळा अर्धवट सांगितली जाते. बदलले ते अंतराळवीर रोजच्या कामासाठी वापरतात ते लॅपटॉप. त्यांच्यावर विंडोज एक्सपीच्या जागी डेबियन ही लिनक्सची आवृत्ती बसवली गेली. हवा, वीज आणि दिशा सांभाळणारे स्थानकाचे मुख्य संगणक वेगळे आहेत, मूळचे जुन्या ३८६ जातीच्या प्रोसेसरवर बांधलेले आहेत, आणि त्यांचा या वादाशी संबंध नाही. बदलाचे कारण मात्र योग्य होते: आपल्याला हवे तेव्हा हवी ती दुरुस्ती स्वतः करता यावी. २००८ मध्ये स्थानकावरच्या लॅपटॉपमध्ये ऑनलाइन खेळांचे पासवर्ड चोरणारा एक किडा सापडला होता, हेही विंडोजच्या विरोधकांना फार आवडते. तेथे खेळायला वेळ कोणाला होता, हा प्रश्न वेगळा.

१२. मंगळावरचे हेलिकॉप्टर लिनक्सवर उडाले. यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा?

इंजेन्युइटीने १९ एप्रिल २०२१ ते १८ जानेवारी २०२४ या काळात ७२ उड्डाणे केली, आणि फोनमध्ये असते तशा स्नॅपड्रॅगन ८०१ प्रोसेसरवर तिचे लिनक्स उत्तम चालले, यात शंका नाही. मात्र लिनक्सकडे मार्ग ओळखण्याचे आणि छायाचित्रे तपासण्याचे काम होते. पाती क्षणोक्षणी सावरण्याचे, म्हणजे उशीर झाला तर जमिनीवर आदळण्याचे काम, दोन वेगळ्या मायक्रोकंट्रोलरकडे, म्हणजे एका चिपवरच्या छोट्या संगणकांकडे, होते, आणि त्यांच्यावर देखरेख करणारी तिसरी चिप होती. हे मायक्रोकंट्रोलर मूळचे गाड्यांच्या ब्रेक-स्टिअरिंगसारख्या सुरक्षेच्या कामांसाठी बनवलेले. त्यांच्यात प्रोसेसरचे दोन गाभे एकच काम एकाच वेळी करतात आणि उत्तरे जुळली नाहीत तर लगेच बोंब मारतात. चाकणला ज्यांच्याबरोबर मी आयुष्य काढले, त्या जातीची चिप मंगळावर उडाली, हे वाचून मला जो आनंद झाला तो लिनक्सवाल्यांच्या आनंदापेक्षा कमी नव्हता. अभिमान मलाही सुटलेला नाही.

१३. मग सुशिक्षित अभियंते ऑपरेटिंग सिस्टीमवरून एवढे भांडतात तरी का?

कारण जी प्रणाली घाम गाळून शिकलो, तिच्यावरची टीका आपल्या वर्षांवरची टीका वाटते. मी ज्या कंपनीत होतो, तिचे नाव सांगण्याचे कारण नाही. कात्रजच्या घाटात चाचणीची गाडी चढत असताना हॉर्न आणि मोठे दिवे एकदम लावले, की मीटरची काच काळी पडे आणि सगळे काटे शून्यावर जाऊन पुन्हा उठत. आमच्यात दोन गट होते, एक विकत घेतलेल्या प्रणालीचा आणि दुसरा कंपनीतच लिहिलेल्या प्रणालीचा. सात आठवडे बैठका झाल्या, आलेख काढले गेले, परस्परांच्या कोडमधल्या उणिवांचे तक्ते भिंतीवर लागले. शेवटी एका वयस्क वायरमनने बोनेट उघडून अर्थिंगचा बोल्ट सोडला. बोल्टखालचे पावडर कोटिंग कोणी खरवडलेच नव्हते, त्यामुळे जास्त करंट ओढला की मीटरला मिळणारा व्होल्टेज खाली बसे. त्याने पॉलिशपेपरने रुपयाएवढी जागा घासली, बोल्ट आवळला, आणि हॉर्न वाजवून पाहा म्हणाला. दोन्ही गटांनी आपापली प्रणाली निर्दोष ठरल्याबद्दल चहा मागवला, आणि भांडण दुसऱ्या दिवशी होते तिथून सुरू झाले.

या निष्ठेला एक रास्त बाजूही आहे. ज्या प्रणालीचे रुसवे-फुगवे गटाला दहा वर्षे ठाऊक आहेत, ती कागदावर सरस दिसणाऱ्या अनोळखी प्रणालीपेक्षा यानावर अधिक सुरक्षित ठरू शकते, आणि नासाने व्हीएक्सवर्क्स इतकी वर्षे धरून ठेवण्यामागे हेही एक कारण असावे, असे मला वाटते.

१४. ऑपरेटिंग सिस्टीमच नसेल, तर एवढ्या दूरचे यान दुरुस्त कसे होते?

व्हॉयेजर १ ने हे दाखवले आहे. १९७७ मध्ये निघालेले हे यान नोव्हेंबर २०२३ मध्ये निरर्थक आकडे पाठवू लागले. माहिती जुळवणाऱ्या संगणकाच्या मेमरीतील एक चिप मेली होती आणि त्या संगणकाची सुमारे ३ टक्के मेमरी निकामी झाली होती. तिथला कोड दुसरीकडे हलवायचा, तर पूर्ण तुकडा मावेल एवढी सलग जागा कुठेच नव्हती. म्हणून कोडचे तुकडे करून ते मिळेल त्या फटीत बसवले गेले आणि त्यांचे एकमेकांना असलेले पत्ते नव्याने लिहिले गेले. एक आज्ञा पोहोचायला साडेबावीस तास आणि उत्तर यायला तेवढेच लागत असल्याने, १८ एप्रिल २०२४ ला पाठवलेल्या दुरुस्तीचा निकाल २० एप्रिलला कळला, आणि तो चांगला होता.

१५. चंद्रयान-२ सॉफ्टवेअरमुळे पडले का? इस्रोच्या प्रक्षेपकांत असे कधी झाले आहे का?

७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे त्याचा लँडर चंद्रावर आदळला. त्याविषयी इस्रोचे २०२३ मधले अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी त्या वर्षी जाहीरपणे जे सांगितले, ते असे: पाच इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर दिला, चुका साचत गेल्या, यानाला झपाट्याने वळणे भाग पडले, पण तेवढ्या वेगाने वळावे लागेल असे गृहीत न धरल्याने सॉफ्टवेअरने वळण्याला मर्यादा घातलेली होती, शिवाय उतरण्याची जागा ५०० मीटर बाय ५०० मीटर एवढीच दिलेली होती. २३ ऑगस्ट २०२३ ला उतरलेल्या चंद्रयान-३ साठी हीच जागा ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर केली गेली. सॉफ्टवेअरने सांगितले तेच केले. सांगण्यात कमी पडले, एवढाच अर्थ येथे निघतो.

प्रक्षेपकांतले उदाहरण एसएसएलव्ही या इस्रोच्या छोट्या प्रक्षेपकाच्या ७ ऑगस्ट २०२२ च्या पहिल्या उड्डाणाचे आहे. दुसरा टप्पा सुटताना क्षणभर जोराची कंपने झाली, आणि संवेदकांची तपासणी करणाऱ्या सॉफ्टवेअरने त्या क्षणभराच्या आकड्यांवरून चांगले संवेदक बिघडलेले ठरवले. प्रक्षेपक आणीबाणीच्या मार्गाने गेला आणि उपग्रह ३५६ किलोमीटरच्या वर्तुळाकार कक्षेऐवजी ३५६ बाय ७६ किलोमीटरच्या कक्षेत पडले, जिथे ते टिकू शकत नव्हते. एरियनप्रमाणे (प्रश्न १०) येथेही रोगापेक्षा निदान भारी पडले. १० फेब्रुवारी २०२३ चे पुढचे उड्डाण यशस्वी झाले.

१६. मार्स क्लायमेट ऑर्बिटर एककांच्या गोंधळात गेले. हा संगणकाचा बिघाड धरावा का?

यानातल्या संगणकाचा नाही. २३ सप्टेंबर १९९९ रोजी ते मंगळाच्या वातावरणात फार खोल गेले, कारण जमिनीवरचा एक प्रोग्रॅम यानाच्या छोट्या इंजिनांच्या धक्क्यांचे आकडे पौंड-सेकंदांत देत होता आणि दुसरा ते न्यूटन-सेकंद समजून घेत होता. फरक साधारण साडेचार पटींचा होता.

१७. घड्याळाचे आकडे संपल्यामुळे यान जाऊ शकते का? २०३८ ची भीती खरी आहे का?

जाऊ शकते, आणि बहुधा एक गेलेही आहे. डीप इम्पॅक्ट यानाशी शेवटचा संपर्क ८ ऑगस्ट २०१३ रोजी झाला. त्याचे घड्याळ १ जानेवारी २००० पासून सेकंदाचे दहावे भाग मोजत असेल आणि ते ३२ बिटमध्ये साठवत असेल, तर ती मोजणी ११ ऑगस्ट २०१३ रोजी भरते. संगणक सतत रीसेट होऊ लागल्याचे हेच कारण नासाच्या तज्ज्ञांना सर्वांत संभवनीय वाटले. युनिक्स या लिनक्सच्या पूर्वज प्रणालीच्या पद्धतीने ३२ बिटमध्ये सेकंद मोजणारी घड्याळे १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्या वेळेने सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी भरतील. नवे लिनक्स यातून सुटले आहे; जुने, कोणी न उघडलेले बोर्ड सुटलेले नाहीत, आणि याबाबतीत उपग्रहापेक्षा सोसायटीच्या लिफ्टची मला अधिक काळजी वाटते.

१८. आम्ही कॉलेजचे विद्यार्थी छोटा उपग्रह बनवतो आहोत. कोणती प्रणाली घ्यावी?

पुण्यात हे आधी झालेले आहे: सीओईपी या अभियांत्रिकी कॉलेजच्या विद्यार्थ्यांचा एक किलोपेक्षा किंचित हलका ‘स्वयम्’ २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ मधून गेला, तेव्हा त्या मंडळींना आधी गाठावे. माझे मत विचाराल, तर एवढ्या लहान उपग्रहाला एखादी छोटी मुक्त रिअल-टाइम प्रणाली किंवा तीच कामे पुन्हा पुन्हा करत राहणारा, नीट लिहिलेला प्रोग्रॅमचा नुसता एक फेरा पुरतो. लिनक्स हवेच असेल, तर ते कॅमेऱ्याच्या बाजूला ठेवावे आणि वीज व रेडिओ यांच्या बाजूला शिरू देऊ नये (प्रश्न १२). प्रणाली ठरवण्यात दोन आठवड्यांहून जास्त काळ घालवू नये. वाचलेला वेळ वॉचडॉग टायमरकडे द्यावा, म्हणजे प्रोग्रॅम अडकला की बाहेरून रीसेट करणाऱ्या घड्याळाकडे, आणि स्पिरिटप्रमाणे फ्लॅशशिवाय उठण्याची एक वाट ठेवावी (प्रश्न ८).

त्यानंतर बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून दोन साधे टॉगल स्विच आणावेत, एक बॅटरीच्या तारेवर आणि एक मेमरीच्या तारेवर बसवावा, आणि बोर्ड चालू असताना, फाइल लिहिली जात असताना, रेडिओ बोलत असताना, ते कधीही बंद-चालू करीत शंभर वेळा बोर्ड पुन्हा उठतो का, याची वहीत नोंद ठेवावी. स्विच दाबण्याचे काम ज्याने कोड लिहिला त्याच्याकडे देऊ नये. तो नकळत सोयीची वेळ निवडतो.